तीन म्हणायच्या आत

चौदा नंबरचा लॉट नापास झाला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. पंधरावाही तसाच निघाला. सोळाव्याच्या सळ्या तर ओढून पाहायच्या मशीनवर त्याहून लवकर तुटल्या, तेव्हा मात्र शेंद्र्याच्या त्या छोट्या कारखान्यात सगळ्यांचे चेहरे उतरले.

तिथं झिर्कोनियमच्या सळ्या तयार होत. झिर्कोनियम, त्यात अडीच टक्के नायोबियम. मोडलेल्या हाडात बसवायचे स्क्रू आणि खिळे त्या सळ्यांपासून दुसरी एक कंपनी बनवणार होती. हा धातू माणसाच्या अंगात गंजत नाही आणि हाड त्याला धरून राहतं, असं त्या लोकांचं म्हणणं. अजून नमुन्याचेच लॉट चालले होते. ते बघून त्या कंपनीची खात्री पटली तरच खरी ऑर्डर मिळणार होती.

सळ्या तपासायचं काम मेघा खरातकडं होतं. वय एकोणतीस, पुण्याला मेटलर्जी शिकून आलेली. लॅबमध्ये ती एकटीच. आणि लॅबच्या भिंतीपलीकडं भट्टीवर होते मोतीराम खरात, तिचे वडील.

बापलेक गारखेड्याहून एकाच बसनं यायचे. पण मेघा रुजू झाली त्या दिवशी गेटपाशी मोतीराम थांबले होते आणि म्हणाले होते, "हे बघ, या गेटच्या आत मी तुझा बाप नाय. मी भट्टीवाला, तू मॅडम. उद्या कुणी म्हणायला नको, खरातनं पोरीकडून माल पास करून घेतला." तेव्हापासून आत ते तिला खरोखरच मॅडम म्हणायचे. नमुन्याच्या सळ्या खिडकीतून देताना मान तुकवायचे. मेघाला आधी हसू यायचं, मग सवय झाली.

ती या विषयाकडं वळली तीच त्यांच्यामुळं. त्या वेळी मोतीराम वाळूजच्या एका कारखान्यात गिअर तापवायच्या खात्यात होते. मेघा सातवीत असताना तिनं विचारलं होतं, तापवल्यानं लोखंड मऊ होतं, मग तुम्ही कडक कसं करता? मोतीरामांनी करवतीचं एक जुनं पातं मोडून दोन तुकडे केले. दोन्ही गॅसवर लाल केले. एक पाण्याच्या पातेल्यात टाकला, दुसरा राखेच्या डब्यात पुरून ठेवला. सकाळी तिच्या हातात दिले. पाण्यातला काडीसारखा कट्‌कन मोडला. राखेतला वाकला, पण मोडेना.

"धातू एकच होता ना आबा?"

"एकच. कसा निववला त्याच्यावर आहे सगळं."

आई, गीताबाई, पातेलं काळं केलं म्हणून दिवसभर बोलत होती.

झिर्कोनियम शेंद्र्याला आल्यावरच मोतीरामांच्या हाती पडलं. पन्नाशी उलटलेली असताना त्यांनी ते नव्यानं शिकून घेतलं. "लोखंडापरीस लई खोडीचं," ते म्हणायचे. "तापलं की हवा खातं. आन हवा खाल्ली की ठिसूळ होतं." म्हणून भट्टीत आरगॉन वायू सोडलेला असे. दहा सळ्या तारेच्या जाळीत ठेवून हजार अंशांपर्यंत न्यायच्या, अर्धा तास तिथं धरायच्या, मग दार उघडून लांब आकड्यानं जाळी ओढायची आणि समोरच्या पाण्याच्या टाकीत सोडायची. दार ते टाकी अडीच हाताचं अंतर. एवढ्यातच सगळं होतं. बोटाएवढी सळी उघड्यावर सेकंदाला तीस-पस्तीस अंशांनी निवते. नऊशेच्या खाली घसरली की आत जाडसर पट्ट्या धरायला लागतात, मग पाण्यात टाकून उपयोग नाही. म्हणून मोतीराम मोठ्यानं मोजायचे. एक, दोन, आणि तीन म्हणायच्या आत जाळी पाण्यात. पुढं पाचशे अंशांवर सहा तास ठेवलं की सळी हवी तशी होई, ताकदही आणि थोडं वाकायची तयारीही. पहिले तेरा लॉट त्यांच्या हातचे, एकही नापास नव्हता.

प्लँटचे प्रमुख सोमनाथ सर. त्यांनी मेघाला बोलावलं. "खोट कुठंय ते शोधा. धातूत का भट्टीत?"

मेघानं आधी धातू धरला. चौदाव्या लॉटपासून नवा माल आला होता, त्यामुळं संशय तिकडंच जात होता. नायोबियम कमी पडलं तर ताकद घटते. ऑक्सिजन कमी असला तरी घटते, जास्त झाला तर ताकद चढते पण सळी वाकायच्या आधी मोडते. तिनं तुकडे पुण्याच्या एका प्रयोगशाळेला धाडले. आठ दिवसांनी आकडे आले. नायोबियम अडीच टक्के, ऑक्सिजन हवा तेवढाच. जुना माल आणि नवा माल यात काही फरक नव्हता.

मग भट्टी. तापमान मोजायची तार नवी लावून पाहिली, चारही कोपऱ्यांत मोजलं. हजार म्हणजे हजारच होतं.

उरले सळ्यांचे तुकडे. तिनं तेराव्या लॉटपासून सोळाव्यापर्यंत एकेक तुकडा कापला, घासून आरशासारखा केला, आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तेराव्यात शिंदीच्या चटईसारखं विणलेलं बारीक सुयांचं जाळं होतं. चौदाव्यात सुया थोड्या जाड. पंधराव्यात कणांच्या कडेनं पांढरे पट्टे धरलेले. सोळाव्यात पट्टेच पट्टे, सुया मधेमधे उरलेल्या. चारही तुकडे तिनं ओळीनं लावले. पाण्यात जायला उशीर होत होता. आणि तो उशीर प्रत्येक लॉटला वाढत होता.

सतराव्या लॉटच्या दिवशी ती भट्टीपाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, चष्मा लावा," मोतीराम म्हणाले.

तिनं चष्मा लावला. फोनवरचं सेकंदाचं घड्याळ सुरू करून हात ओढणीखाली धरला. मदतनीस कडूबानं दार उघडलं. मोतीरामांनी आकडा आत घातला. आकड्याचं टोक जाळीच्या कडीभोवती थरथरलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा अडकलं. "एक," ते म्हणाले. जाळी दाराशी आली. "दोन." जाळी हवेत होती, तिचा केशरी रंग डोळ्यांदेखत उतरत होता. मग चर्रर्र आवाज झाला, वाफ उसळली, आणि मोतीराम समाधानानं म्हणाले, "तीन."

मेघानं घड्याळ पाहिलं. आठ सेकंद झाले होते.

ते फसवत नव्हते, हेच तिला सोसेना. चोरून मोजलं असतं, खोटं लिहिलं असतं, तर तिला राग तरी आला असता. त्यांच्या लेखी ते तीनच होते. हातासोबत त्यांचं मोजणंही आतल्या आत मंदावलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, आबांचा हात कधीपासून हलतो?"

गीताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वरीस झालं."

"वर्ष?"

"शर्टाची बटणं मीच लावती. तुझ्याआधी उठतेत ते, म्हणून तुला दिसत नाय. सांगू नको म्हणले. रिटायर होऊस्तोवर दोन वर्षं निभंल म्हणले." मग त्यांचा आवाज चिरला. "तू दिवसभर त्या दुर्बिणीत बघती मेघा. घरात बघितलं नाय तू."

मोतीराम बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून बातम्या पाहत होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. मेघाच्या ध्यानात आलं, ते असेच बसतात. किती दिवस बसत असतील!

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि जवळ बसून हळूहळू सांगितलं. सुया, पट्टे, आठ सेकंद.

"नाय," मोतीराम म्हणाले.

"आबा, मी घड्याळ लावलं होतं."

"तुझं घड्याळ चुकलं आसंल. पस्तीस वर्षं मोजतोय मी. माझं तीन म्हणजे तीन." त्यांचा चेहरा लाल झाला. "माल बदललाय. नव्या मालात खोट हाय."

"माल पुण्याहून तपासून आणलाय."

"मग एक काम कर. कडूबाच्या हातानं काढ एक लॉट. हाच माल, हीच भट्टी. मी हात बी लावत नाय, बाजूला उभा राहतो. त्याचा नापास झाला, तर काय म्हणशील?"

मेघाला वाटलं, नको म्हणावं. पण तपासाची खरी रीत तीच होती, आणि ती त्यांनीच सुचवली होती.

तीन दिवसांनी कडूबानं आकडा हातात घेतला. तिशीचा, कुंभेफळचा गडी. मोतीरामांनीच त्याला तयार केलेला. त्याला घाम फुटला होता. "काका, तुम्हीच मोजा," तो म्हणाला.

"तू मोज," मोतीराम म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागं.

दार उघडलं. "एक, दोन—" आणि चर्रर्र. कडूबाला तीन म्हणायची गरजच पडली नाही. मोतीराम चमकून पाण्याकडं पाहत राहिले. एवढ्या लवकर? असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग त्यांनी कडूबाच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी त्या सळ्या मशीनवर चढल्या. मोतीराम लॅबच्या खिडकीबाहेर उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. ताणाचा काटा सातशेवर गेला, आठशेवर गेला, पास व्हायला लागणारे साडेआठशे ओलांडून नऊशेला टेकला तेव्हा सळी तुटली. दुसरी तशीच, तिसरीही. एकाच मालातल्या, एकाच भट्टीतल्या.

मेघानं खिडकीकडं पाहिलं.

"धातू चांगला हाय म्हणायचा," मोतीराम म्हणाले, आणि भट्टीकडं न जाता सरळ गेटकडं निघाले. शिफ्ट सुटायला अजून तीन तास होते.

सोमनाथ सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी मेघाला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. "हे बघा, खरात माझ्यासाठी पण मोठे आहेत. कंपनी उभी राहिली ती त्यांच्या हातावर. अहवालात असं लिहा की नव्या मालात फरक होता. कडूबाच्या लॉटचं काढूच नका. खरातांना मी स्टोअरला बसवतो, दोन वर्षांनी हार-नारळ देऊन निरोप देऊ. कुणाला कळणार पण नाही."

खरं सांगायचं तर मेघानं ते वाक्य मनात लिहूनही पाहिलं होतं. मग तिनं विचारलं, "सर, माल देणाऱ्यांना हा अहवाल जाईल?"

"जाईल ना. त्यांना सुधारणा सांगावी लागेल."

"मग ते काय करतील? ताकद कमी पडली म्हणतायत, तर पुढच्या मालात ऑक्सिजन वाढवतील. कडूबा तो वेळेत पाण्यात टाकेल. सळी आपल्या मशीनवर नऊशेच्या पुढं जाईल, सगळे खूश होतील. आणि कुणाच्यातरी मांडीच्या हाडात तो खिळा न वाकता मोडेल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही लेक आहात त्यांची."

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "म्हणून तर तुम्ही मला विचारताय."

अहवाल तिनं दोन दिवसांत लिहिला. सहा पानं. रासायनिक आकडे, भट्टीची मापं, चार तुकड्यांचे फोटो, सेकंद. हात, थरथर, आजार यातला एक शब्दही तिनं घातला नाही. 'भट्टीतून पाण्यापर्यंत नेण्यास लागलेला जादा वेळ' एवढंच. पण लॉटच्या तक्त्यात ऑपरेटरचा रकाना होता आणि तो मोकळा सोडता येत नव्हता. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. चारदा तेच नाव.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. रविवारी दुपारी मोतीरामांनी तो मागितला.

"इंग्रजीत आहे, आबा."

"वाच मराठीत."

ती वाचत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच कुठं 'बरोबर' म्हणत, जणू दुसऱ्याच कुणाच्या कामाचं चाललंय. पट्ट्यांचे फोटो त्यांनी हातात घेऊन पाहिले. कागद थरथरायला लागला तसा मांडीवर ठेवला.

"हातामुळं, असं लिहिलंय का?"

"नाही. फक्त सेकंद लिहिलेत."

"आन नाव?"

"तक्त्यात नाव असतंच, आबा. तेराही पास लॉटांपुढं तुमचंच नाव आहे."

"ते कोण वाचणार," मोतीराम म्हणाले. कागद त्यांनी नीट जुळवले, कडा जुळता जुळेनात तरी जुळवत राहिले, आणि तिच्या हातात दिले. "चांगलं लिहिलंय मॅडम. सही करा."

घरात त्यांनी तिला मॅडम म्हणायची ही पहिली वेळ. गीताबाई दारातच थबकल्या. मेघाला वाटलं, रागात बोलले, उद्या निवळतील.

ते निवळले नाहीत. सोमवारी बसला आले नाहीत. सोमनाथ सरांनी स्टोअरच्या कामाचा निरोप पाठवला, तर त्यांनी गेटचं कार्ड आणि लॉकरची किल्ली कडूबाच्या हाती परत पाठवून दिली. कार्डासोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. निरोपाचा कार्यक्रम ठरला, कडूबा स्वतः गाडी घेऊन न्यायला आला, तर मोतीरामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

घरात ते भांडत नव्हते. तेच जास्त वाईट होतं. "मॅडमला जेवायला वाढ," ते गीताबाईंना सांगत. "मॅडमची बस निघंल, उठव." मेघा एकदा त्यांच्या पायाशी बसून रडली. म्हणाली, "आबा, चुकलं असेल तर मारा मला, पण असं बोलू नका." त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तुमचं काय चुकलं? काहीच चुकलं नाय. तेच तर हाय ना." आणि हात काढून घेतला.

मार्चमध्ये ऑर्डर मिळाली. कडूबाच्या हातचे पाच लॉट सलग पास झाले होते. सोमनाथ सरांनी पेढे वाटले. मेघानं आपला पेढा कागदात बांधून घरी आणला आणि मोतीरामांसमोर ठेवला. त्यांनी विचारलं, "किती तुटल्या साडेआठशेच्या आत?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. पेढा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी गीताबाईंनी शेजारच्या लेकराला दिला.

हात आता मांडीखाली दाबूनही थांबेना. पाय घासत चालायला लागले तेव्हा गीताबाईंनी हट्ट धरला आणि एप्रिलमध्ये तिघं मेंदूच्या डॉक्टरांकडं गेली. नंबर लागायला दोन तास लागले. मोतीराम भिंतीकडं तोंड करून बसले होते. नाव पुकारल्यावर मेघा फाईल घेऊन पुढं झाली. कधीपासून त्रास, काय काय बदललं, हे तिनं सगळं तारखेवार लिहून आणलं होतं.

डॉक्टर तरुण होते. मोतीरामांना समोर बसवून म्हणाले, "बाबा, दोन्ही हात पुढं करा बघू. आता अंगठा आणि बोट असं भरभर आपटायचं."

मोतीरामांनी हात पुढं केले नाहीत.

"करा ना बाबा. दुखणार नाही."

"हिला भाईर बसवा आधी," मोतीराम म्हणाले.

"मुलगी आहे ना तुमची?"

"व्हय. पर भाईर बसवा. ती लिहून घेती."

डॉक्टरांनी मेघाकडं पाहिलं. तिच्या हातात खरंच पेन होतं. तिनं ते पर्समध्ये टाकलं, फाईल आईच्या मांडीवर ठेवली आणि दार ओढून घेऊन बाहेर आली.

बाकावर एक म्हातारी नातवाला केळं भरवत होती. तिनं सरकून जागा दिली. "कोण हाय आत?" तिनं विचारलं.

"वडील."

"व्हतील बरे. पोरगी संग हाय म्हणल्यावर काय काळजी."

मेघानं मान हलवली. दाराआडून डॉक्टरांचा आवाज येत होता, आईचा येत होता. आबांचा येत नव्हता. ती तो ऐकायचा प्रयत्न करत राहिली.

वीस मिनिटांनी दोघं बाहेर आली. गीताबाईंच्या हातात गोळ्यांचा कागद होता. रिक्षात मोतीराम आधी चढले आणि पार कडेला सरकले. गीताबाई मध्ये बसल्या, मग मेघा. चार माणसं मावतील एवढी जागा उरल्यासारखं तिला वाटलं.

जालना रोडला सिग्नलवर रिक्षा थांबली. मोतीरामांनी गीताबाईंना विचारलं, "मॅडमनं आज सुट्टी काढली काय?"

"काढली," गीताबाई म्हणाल्या.

"पगार कापतेत आता तिथं. सांग त्यांला, पुढल्या टायमाला आपण दोघंच येऊ."

गीताबाईंनी मेघाकडं पाहिलं. मेघा बाहेर पाहत होती. तिनं ऐकलं होतं, ते आईनं पुन्हा सांगायची गरज नव्हती.